साठ मिली

पिशवीवर लिहिलंय : व्हॅनिला.
कुणासाठी, देव जाणे.
जिभेला वळसा घालून ती थेट पोटात उतरते,
नवा हमरस्ता गावाबाहेरून जातो तशी,
आणि मग गावातली दुकानं एकेक करून मिटतात.

दिवसातून सहा वेळा मी झाउरच्या उशाशी उभी.
सिरिंज वर धरलेली, दट्ट्या काढून ठेवलेला.
वाढायचं काम पृथ्वी करते,
मी फक्त उंची ठरवते :
खांद्याएवढी, म्हणजे बेतानं.
कपाळाएवढी, म्हणजे घाई. मग त्याला मळमळतं.

चियातुरातल्या रोपवेच्या तारा
छत्तीस वर्षं यानं राखल्या.
खाणीतली काळी माणसं डोंगरावर, धुतलेली खाली.
आता याच्याच बरगडीखाली एक नळी,
पेन्सिलीएवढी, टोकाला जांभळं टोपण.
आधी गाठ गेली, मग किरणांनी घसा नेला,
जाता जाता आवाजही.
शेजारची मेदेया जिन्यात विचारते, जेवला का?
मी म्हणते, भरला.
टाकीबद्दल बोलावं तसं.

हातातोंडाची गाठ म्हणायचो ना आपण,
ती अशी सुटते.
त्याचा उजवा हात अजून टेबलावरून उठतो कधी,
अर्ध्या वाटेत थबकतो,
आणि उगाच हनुवटी खाजवून परत येतो.

पहिले चार महिने मी न्हाणीघरात जेवले,
उभ्यानं, नळ सोडून,
दातांचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.
एकदा बाहेर आले तर पाटीवर खडूनं :
काकडी होती. वास आला.
इथं बसून खा, त्सियाला.

नर्स लेला बजावून गेली होती :
पिशवीतलंच, दुसरं काही नाही.
पण एकतीस डिसेंबरला सात्सिवीशिवाय वर्ष कसं पालटायचं?
अक्रोड वाटले, लसूण, वाळल्या झेंडूच्या पाकळ्या,
टर्कीच्या रश्श्यात सैल केलं,
जुन्या पडद्याच्या फडक्यातून तीनदा गाळलं.
झाउर बघत होता. नको म्हणाला नाही.

निम्मी उतरली.
मग नळीत काहीतरी बसलं, हलेना.
मी दट्ट्या घातला, अंगठा टेकवला,
आता जोर लावणार,
तर त्यानं मनगट धरलं.
इतकं घट्ट की मला बरं वाटलं.

ढकलू नकोस.
कोमट पाणी घे. जरा ओढ. जरा सोड.
परत ओढ.

एकदा दरीवर मधोमध पाळणा अडकला होता,
आत अकरा माणसं आणि एक शेळी.
खालून सगळे ओरडत होते, खेचा, खेचा,
आणि हा चाकाशी बसून
तार तसूभर मागे, तसूभर पुढे.
मी तेव्हा खाली पोराला कडेवर घेऊन उभी होते,
आणि मनात याला शिव्या देत होते : किती हळू!

आज माझे हात तसे हळू झाले.
वीस मिनिटं. बाहेर फटाके सुरू झाले.
ओढ. सोड.
मग नळीत बुडबुडा आला, पाणी दचकलं,
आणि सगळं एकदम खाली गेलं.

थोड्या वेळानं झाउरला ढेकर आली.
चांगली मोठी, परक्या घरात लाज वाटावी अशी.
चौदा महिन्यांत त्याच्या तोंडून निघालेला
तो पहिला मोठा आवाज.
त्याचे डोळे विस्फारले.
पुढचं दार कायमचं बंद झालेल्या घरात
मागच्या दारानं कुणी पाहुणा यावा
आणि तो ओळखीचा निघावा...
त्यानं पाटी ओढली. लिहिलं :
लसूण.

मी रडायच्या बेतात होते.
तेवढ्यात त्यानं खडू पुन्हा उचलला,
खाली, लहान अक्षरात :
मीठ कमी.

एकेचाळीस वर्षं!
एकेचाळीस वर्षं हेच ऐकतेय मी.

लेलाच्या वहीत दुसऱ्या दिवशी भरलं :
रात्री बारा. साठ मिली.
पाणी.